दुकान पसंत आहे

सोयरिकीसाठी मुलगी पाहायला जातात, तसे आम्ही चहाचं दुकान पाहायला पांढरकवड्याला गेलो होतो. माझं वाटोळं कुठं झालं असं कोणी विचारलं, तर मी त्या दिवसावर बोट ठेवते. कंपनीवर नाही. कंपनी कंपनीसारखीच वागली.

त्याआधी माझी खानावळ होती. दारव्ह्याला जिथं जीपगाड्या उभ्या राहतात, त्याच्या अगदी समोर. चार टेबलं, आठ बाकं, भिंतीवर देवीचं कॅलेंडर, दारात पाण्याचा माठ आणि माठाला साखळीनं बांधलेला पेला. सतरा वर्षं चालवली. रोज ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात, आणि बाजाराच्या दिवशी पातोड्यांचा रस्सा. जीपवाले मला मावशी म्हणायचे. बाजाराला आलेली खेड्यातली माणसं जेवून झाल्यावरही सोयाबीनच्या भावावर तासभर बोलत बसायची, मी त्यांना उठवत नसे. दुकानावर पाटीसुद्धा नव्हती. मावशीकडे जायचंय म्हटलं की जीपवाला बरोबर दारात सोडायचा.

मी फार सुखात होते असं नाही, खोटं कशाला बोलू. दोन भट्ट्यांसमोर उभं राहून उन्हाळ्यात पाठ भाजून निघायची. संध्याकाळी पाय सुजायचे. पंख्याखाली खुर्ची टाकून गल्ल्यावर बसलेल्या बायका दिसल्या की मला हेवा वाटायचा. पण हेव्यानं कोणी खानावळ मोडत नाही. मोडायला कारण लागतं, आणि ते माझ्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात मिळालं.

मुलीला अमरावतीचं स्थळ आलं होतं. चांगलं होतं, आजही चांगलं आहे. साक्षगंधाच्या दिवशी विहीणबाईंनी मला त्यांच्या नणंदांकडे नेलं आणि ओळख करून दिली, “ह्या आमच्या विहीणबाई. खानावळ हाय त्याह्यची. डायवर लोकायले जेवू घालतेत.” त्यात वाईट शब्द एकही नव्हता. तिघी नणंदांनी आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मग हातांकडं. हातात माझ्या लग्नातल्या पाटल्या होत्या, पण बोटांवर वांगी चिरून चिरून पडलेला काळेपणा होता. मी हात पदराखाली घेतले. जेवण होईपर्यंत बाहेर काढले नाहीत, त्यामुळं धड जेवलेही नाही.

नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. जिनिंग बंद झालं आणि तो घरी बसला. घरी बसलेला माणूस दिवसभर मोबाईल पाहतो, आणि मोबाईलला कळतं की हा घरी बसलाय. एक दिवस त्यानं मला व्हिडिओ दाखवला. पुण्याकडची चहाची कंपनी, रंगीत पाटी, टोप्या घातलेली पोरं, दारात रांग. खाली लिहिलं होतं, स्वतःचे मालक व्हा. मी तर सतरा वर्षं मालकच होते. पण हे तेव्हा ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या.

त्यानं नंबर दिला आणि आठवड्याभरात कंपनीचा माणूस हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. “ताई, नाव आमचं, जागा तुमची. ग्राहक आपोआप येतो,” असं तो तीनदा म्हणाला. मी त्याला माठातलं पाणी दिलं. त्यानं पेला टेबलावर ठेवला आणि पिशवीतली स्वतःची बाटली काढून प्याला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मी मनात म्हटलं, पाहा, किती नीटनेटका माणूस आहे.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, घरात शहाणे समजले जातात. ते म्हणाले, “आंधी चालतं दुकान पाहू. पाह्यल्याबिगर सोयरिक करत नाहीत.” सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण आमच्याकडं पाहायला जायची एकच रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आधी निरोप धाडायचा, कारण न सांगता जाणं म्हणजे चोरून पाहणं. मग चांगला दिवस काढायचा. मग पाच जणांनी जायचं, त्यात एक बाई हवी. आणि मध्यस्थाला सोबत न्यायचं. आमचा मध्यस्थ कोण, तर दुकान विकणारा तोच कंपनीचा माणूस.

भाड्याची जीप करून आम्ही यवतमाळवरून पांढरकवड्याला गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भासऱ्यांनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. मालकानं आम्हाला आत बसवलं, प्लेटमध्ये पोहे आले, वर शेव, बाजूला लिंबाची फोड. मग बोलणं सुरू झालं. विचारायचं काय होतं? माल कोण पाठवतं, नाही खपला तर परत घेतात का, दुकान सोडायचं म्हटलं तर सोडता येतं का. हे घरून ठरवून निघालो होतो. पण भासऱ्यांनी पहिलाच प्रश्न केला, “मूळ गाव कोणतं तुमचं?” मालकानं सांगितलं. “मंग तुम्ही आमच्या सासरवाडीकडचेच झाले.” मालकाची चुलती आणि भासऱ्यांची सासू एकाच गल्लीतली निघाली. पाच मिनिटांत नातं जुळलं. आणि एकदा माणूस नात्यातला निघाला की त्याला तोटा होतो का, असं तोंडावर कसं विचारणार? पोहे खाऊन, सुपारी खाऊन पुरुष मंडळी खुशाल हसत बसली.

मी उठून आत गेले. बाईनं आत जाऊन घरच्या बाईशी बोलायचं, हीही रीतच. मालकाची बायको दूध तापवत होती. माझ्याच वयाची, साडीवर कंपनीचं जॅकेट, डोक्यावर टोपी. मी विचारलं, कसं काय चालतं बाई? तिनं वर पाहिलं. छताला कॅमेरा होता. मला मागं पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली.

“खानावळ चालते ना तुमची?” ती म्हणाली.

“चालते.”

“मंग नका घेऊ हे. पाटीवर आमचं नाव नाही, चहात आमचा हात नाही. मी इथं नोकर हाय. नोकराले पगार तरी भेटते.”

यापेक्षा सरळ कोणी काय सांगणार? उपमा नाही, आडपडदा नाही. जो प्रश्न विचारायला पाच माणसं साठ-सत्तर मैलांवरून आली होती, त्याचं उत्तर तिनं टाकीपाशी उभ्या उभ्या देऊन टाकलं. मी मात्र तिच्या मनगटाकडं पाहत होते. दोन्ही हातांत जाड पाटल्या होत्या, माझ्यापेक्षा जाड. निघताना तिनं मला कुंकू लावलं तेव्हा त्या अगदी डोळ्यांसमोर चमकल्या.

जवळच केळापूरच्या देवीचं दर्शन घेतलं आणि परत निघालो. जीपमध्ये भासऱ्यांनी मला विचारलं, “काय म्हणे बाई?” मी म्हणाले, “नका घेऊ म्हणे. जळकी दिसली मले. हातात गच्च पाटल्या घालून तोट्याच्या गोष्टी सांगते.” सगळे हसले. भासरे म्हणाले, “भांजी मारणारं माणूस प्रत्येक सोयरिकीत भेटते.” लग्न मोडायला कोणी काही कानात सांगितलं की आम्ही त्याला भांजी मारणं म्हणतो, आणि भांजी मारली की सोयरिक आणखी पक्की समजतो. घरी पोचल्याबरोबर नवऱ्यानं कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि शब्द वापरला तोही तोच. “पसंत आहे.”

पैसे किती लागले आणि कुठून आले, ते इथं मांडत नाही. एवढंच सांगते की नवऱ्याच्या फंडाला माझ्या पाटल्यांची जोड द्यावी लागली, आणि मी त्या खुशीनं काढून दिल्या. त्यांच्या जागी यवतमाळहून तशाच दिसणाऱ्या खोट्या आणल्या, कारण उद्घाटनाला विहीणबाई येणार होत्या.

खानावळीची बाकं जीपवाल्यांनीच उचलून मागं ठेवली. माझ्याकडं भाकरी थापायला एक बाई यायची. ती माठ मागून घेऊन गेली. मी दिला. नव्या दुकानात माठ चालणार नव्हता, पाण्याच्या बाटल्या विकायच्या होत्या. भिंतीला रंगीत कागद लागला, खाली आरशासारखी फरशी आली, टेबलं गेली. कंपनीचा नियम असा की माणसानं उभ्यानं चहा घ्यावा आणि जावं.

उद्घाटनाला अर्धा गाव आला. विहीणबाई अमरावतीहून आल्या, उभ्या उभ्या दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, “आता कसं घरंदाज वाटते.” त्या दिवशी मला रात्रभराचा थकवा असूनही हलकं वाटलं. आता मागं वळून पाहिलं तर त्या दुकानानं मला दिलेलं एवढं एकच सुख आठवतं, आणि तेही माझ्या मनगटावरच्या खोट्या पाटल्यांनी अर्धं खाल्लं होतं.

महिन्याभरात खरं काय ते दिसायला लागलं. बाजाराच्या दिवशी खेड्यातला एक म्हातारा आला. दर बाजाराला माझ्याकडं जेवणारा माणूस. त्यानं फरशी पाहिली आणि चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटलं, बाबा, चपला घालून या. तो आला, पण अनवाणीच. बसायला जागा शोधली, ती नव्हती. पाणी मागितलं, मी बाटलीकडं बोट दाखवलं. चहाचा कागदी कप हातात घेऊन त्यानं उभ्यानंच घोट घेतला आणि तो म्हणाला, “साखर कमी हाय जी.” खरंच कमी होती. आमच्याकडं चहा गोड लागतो, आणि कंपनीची चहा-साखरेची तयार पुडी पुण्याच्या जिभेची होती. मी चमचाभर साखर वरून टाकली. अर्ध्या तासात फोन आला, “ताई, कॅमेऱ्यात तुम्ही साखर टाकताना दिसलात. चव बदलते, असं करू नका.” इतक्या दूर बसलेला कोणी पोरगा माझ्या हातातला चमचा पाहत होता. सतरा वर्षांत माझ्या सासूनंही माझ्या चमच्यावर अशी नजर ठेवली नव्हती.

तो म्हातारा पुन्हा आला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही आले नसते.

मग एकदा दुपारी मी मागं माझ्यापुरता झुणका टाकला. फोडणीचा वास पुढं गेला आणि एक जीपवाला आत डोकावून म्हणाला, “मावशी, दे ना एक भाकर.” दिली. त्याच आठवड्यात कंपनीचा तपासणीवाला आला, त्यानं नाक वर केलं आणि कागदावर लिहिलं, दुकानात इतर पदार्थांचा वास. त्या दिवसापासून मी घरून डबा आणायला लागले, आणि तोही थंडच खायचा. पुढं पुढं तोही आणायचं सोडलं, कारण समोर रस्त्यापलीकडं टिनाच्या शेडमध्ये माझ्याकडं भाकरी थापणाऱ्या बाईनं खानावळ काढली. माझा माठ तिच्या दारात आहे. माझेच जीपवाले तिथं बसतात, तिला मावशी म्हणतात. आता दुपारची भाकर मी तिथूनच मागवते. ती पैसे घेत नाही, याचा मला जास्त राग येतो.

वर्ष झाल्यावर कंपनीनं यवतमाळला सगळ्या दुकानदारांना बोलावलं. हॉलमध्ये नव्या चवीची माहिती देणार होते. तिथं पांढरकवड्याची ती बाई दिसली. तिनं मला ओळखलं, मी तिला. उन्हाचे दिवस, हॉलमधला पंखा बंद. तिच्या मनगटावर घामानं पाटलीखाली पितळेचा हिरवा डाग पडला होता. माझ्याही पडला होता. दोघींनी जवळजवळ एकदमच पदर ओढून घेतला आणि समोर पाहत बसलो. मी तिची क्षमा मागायला हवी होती. मी विचारलं, “जेवण चांगलं होतं ना?” पुढं चार-सहा महिन्यांत तिचं दुकान बंद झाल्याचं कळलं.

ते बंद झालं म्हणून आता त्या बाजूच्या दुकान घेणाऱ्या मंडळींना पाहायला आमच्याकडं आणतात. मागच्या महिन्यात कंपनीच्या माणसाचा नवऱ्याला फोन आला. मुकुटबनची मंडळी येणार, पाच जण, अमुक दिवशी. “काका, चार ओळखीची माणसं बोलावून ठेवा, दुकान भरलेलं दिसायला हवं.” नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. तेव्हा कळलं की पांढरकवड्याला आमच्यासमोर पाय ठेवायला जागा का नव्हती. नवऱ्यानं भासऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलं. समोरच्या जीपवाल्यांनाही बोलावलं, आणि ते माझ्यासाठी आले. मी पोहे केले. चांगली साडी नेसले. हे सगळं मी केलं, कोणी माझा हात धरला नव्हता. आमच्याकडं आलेल्या मंडळींनी दुकान घेतलं तर कंपनी आम्हाला करारातून लवकर मोकळं करेल, असं नवऱ्याला कोणी तरी कानात सांगितलं होतं.

मुकुटबनची मंडळी आली. त्यांच्यातल्या मोठ्या माणसानं पहिला प्रश्न केला, “मूळ गाव कोणतं जी तुमचं?” मी पोह्यांची प्लेट हातात घेऊन तिथंच उभी राहिले. थोड्याच वेळात नवऱ्याची मामी त्यांच्या झरीकडच्या पाहुण्यांतली निघाली आणि सगळे खूश झाले.

त्यांची बाई आत आली. तिच्या उजव्या हातावर गरम तेलाचे जुने डाग होते. मी विचारलं तर म्हणाली, मुकुटबनला चौकात आलूबोंड्यांची गाडी आहे, सकाळी सातला कढई चढते ती अकराला उतरते, माल उरत नाही. मी तिला मागं टाकीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. माठाचं सांगितलं, चमच्याचं सांगितलं, चपला काढणाऱ्या म्हाताऱ्याचं सांगितलं. आज दुकानात दिसतात ती माणसं आमचीच बोलावलेली आहेत, हेही सांगितलं. पाहायचंच असेल तर एकटी ये, न सांगता ये, बाजार नसेल अशा दिवशी दुपारी चारला ये आणि समोरच्या शेडमध्ये बसून मोज किती माणसं माझ्या दारात चढतात, असं म्हणाले. तुझी कढई सोडू नकोस म्हणाले.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “इतकं वाईट हाय तं तुम्ही काहून बंद नाही केलं?”

प्रश्न खरा होता. मी खरं उत्तर दिलं. “लोक हासतीन म्हणून.”

ती थोडं हसली. “लोकायच्या हासण्यापायी कोणी तोट्यात बसते काय मावशी?” असं म्हणताना तिची नजर माझ्या तोंडावरून खाली उतरली आणि मनगटावर थांबली. पाटल्या नुकत्याच घासल्या होत्या, झगमगत होत्या. ती किती वेळ पाहत होती ते मला ठाऊक आहे, कारण मीही एकदा तेवढाच वेळ पाहिलं होतं.

या खोट्या आहेत. एवढंच म्हणायचं होतं. बाकी सगळं बोलून झालं होतं, लाज वाटण्यासारखं त्यात बरंच होतं, आणि ते बोलताना जीभ अडली नव्हती. हे तीन शब्दही तोंडापर्यंत आले. मी पदर ओढून हात झाकले आणि म्हणाले, “चल, कुंकू लावते.”

कुंकू लावून घेऊन ती बाहेर गेली, आणि पुरुषांच्या मागं उभी राहून म्हणाली, “जागा चांगली हाय. पसंत हाय.” कंपनीच्या माणसानं माझ्याकडं पाहून मान हलवली. जीप निघाली. ती जीपमध्ये माझ्याविषयी काय म्हणाली असेल, ते मला कोणी सांगायला नको, ते वाक्य मी तिच्याआधी बोललेली आहे.

त्या बाईला मी सगळं सांगितलं असं मी नवऱ्याला सांगितलं, माझ्या मुलीला फोनवर सांगितलं, समोरच्या भाकरीवालीला सांगितलं. पाटल्यांपाशी मी अडले, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. तेवढं एक बोलले असते, तर मुकुटबनची बाई तिच्या कढईपाशी राहिली असती.